रंगूबाईंच्या बॅगेचा मुक्काम

"रंगू, परस्थान एकदा घराबाहीर गेलं की माणूस निघालं असं समजायचं. मंग ते वापस आणू नोको. न्यायचं तं पुढंच न्यायचं. मांगं आणलं की निघालेला प्रवास मोडला."

सासूबाई मनकर्णाबाईंना जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण त्यांचा आवाज रंगूबाईंच्या कानात अजून नांदत होता. तुळशीला पाणी घालताना, दिव्यात तेल ओतताना, कणकेचा पहिला गोळा गाईसाठी बाजूला काढताना, कुठल्या ना कुठल्या निमित्ताने तो यायचाच. त्या गुरुवारी सकाळी मात्र रिठदच्या त्या घरात तो जरा मोठ्यानेच आला. कारण शनिवारी नागपूरला जायचं होतं, आणि शनिवारी पूर्वेला शूल, म्हणजे त्या दिशेला निघणं अशुभ.

अशा वेळी काय करायचं हे सासूबाईंनी शिकवून ठेवलं होतं. जायचा वार वाईट असला तर आधीच्या चांगल्या वारी आपलं थोडं सामान, एखादी सुपारी, हळकुंड, नेसतं कापड, गावाबाहेर जायच्या वाटेवर ओळखीच्या घरी नेऊन ठेवायचं. हे परस्थान. ते ठेवलं की देवाच्या लेखी आपण त्याच दिवशी निघालो. उरलेलं शरीर मग सवडीनं गेलं तरी चालतं.

नागपूरला बोलावणं होतं लेकीचं. रूपाली तिथल्या एका मोठ्या हॉटेलात रिसेप्शनवर होती. तिला वर्ष पूर्ण झालं होतं, आणि त्या हॉटेलात अशी रीत होती की वर्ष झालेल्या माणसाच्या आईवडिलांना वर्षातून एक रात्र पाहुणे म्हणून राहायला बोलवायचं.

"आई, शनिवारची खोली भेटली हाय," रूपालीने फोनवर सांगितलं. "नाही म्हणू नोको. लग्नसराई हाय, मंग लवकर जागा भेटणार नाही."

"शनिवारी?" रंगूबाईंचा आवाज मुळातच हळू, तो आणखी हळू झाला. "शनिवारी तं पूर्वेले..."

"आई, इथल्या कॉम्प्युटरले शूल समजत नाही वं."

दौलतरावांना शूल समजत होता, पण त्यांना थांबायला वेळ नव्हता. त्यांनी ही बातमी पारावर सांगितली, दूध डेअरीत सांगितली, आणि जे भेटले नाहीत त्यांना फोन करून सांगितली. सकाळी हॉटेल सात मजल्यांचं होतं. संध्याकाळपर्यंत त्यावर आणखी बरेच मजले चढले.

समोरच्या हिरीबाईंनी नळावर विचारलंच, "हॉटेलात म्हंजे करते काय वं तुयी पोरगी? चहा देते का भजे देते?"

"लोकाइले खोल्या देते," रंगूबाई म्हणाल्या.

"कोनाच्या? बापाच्या?"

बायका हसल्या. रंगूबाईंनी हंडा उचलला आणि घरी आल्या. उलट बोलणं त्यांच्या स्वभावात नव्हतं, आणि जे डोळ्यांनी पाहिलं नाही ते सांगणं नेमात नव्हतं. म्हणून तर जायचं होतं. गालिचा, गादी, गार हवा यांची त्यांना ओढ नव्हती. जिथे आपली लेक कामाला उभी राहते त्या छपराखाली एक रात्र काढायची, आणि मग नळावर एवढंच म्हणायचं, "पाहून आली. चांगलं हाय." पण त्यासाठी राहून येणं भाग होतं.

गुरुवारी त्यांनी सुपारी, हळकुंड आणि तांदूळ पुरचुंडीत बांधले. दौलतराव म्हणाले, "सुपारीच ठेवायची हाय ना? मंग सुपारी बॅगीत घाल अन् बॅगच ठेव. शनिवारी हात हालवत जाऊ."

"पुरी बॅग?"

"जेवढं परस्थान मोठं तेवढा प्रवास चांगला!"

हे शास्त्र त्यांनी त्याच क्षणी तयार केलं होतं. पण मग बॅगेत सगळंच गेलं. रंगूबाईंचं नवं लुगडं, दौलतरावांचं इस्त्रीचं धोतर, लेकीसाठी शेवया, बाजरीच्या खारोड्या, तुरीची डाळ, लोणच्याची बरणी. वर लाल फडक्यात नारळ बांधला आणि बॅगेच्या कडीला हळदकुंकू लागलं. देव तेवढे रंगूबाईंनी आपल्या कापडी पिशवीत ठेवले. देव परस्थानात पाठवायचे नसतात.

वाशीमजवळच्या मालेगावला नागपूरच्या रस्त्यालगत गुलाम नबींचं गाद्या-रजया भरायचं दुकान होतं. दौलतरावांच्या शेतातला कापूस दरवर्षी थोडा तिथे यायचा आणि रजई होऊन घरी जायचा. इतकी वर्षं येणंजाणं होतं की दुकानाच्या मागच्या घरातही रंगूबाईंना ओळखत होते.

"गुलामभाई, हे परस्थान," दौलतरावांनी बॅग खाली ठेवत सांगितलं. "शनिवारी आमी येतो तंवर सांभाळ. असं समज की रंगूच बसली हाय."

गुलाम नबींनी हातातला पिंजलेला कापूस बाजूला सारला. "मंग भाभीले जमिनीवर बसवता का पाटील?"

त्यांनी एक कोरी गादी अंथरली आणि बॅग उचलून तिच्यावर ठेवली. "तोंड कोणीकडं?"

"पूर्वेले," रंगूबाई म्हणाल्या.

बॅग पूर्वेला वळली. इतक्यात त्यांच्या पत्नी शाहजादी आतून पाण्याचा पेला घेऊन आल्या. "भाभी थकल्या असतीन म्हटलं. कुठं हायेत?"

"एक ह्या उभ्या हायेत," गुलाम नबी म्हणाले, "अन् एक त्या गादीवर."

रंगूबाई हसल्या. पाणी प्याल्या. निघताना म्हणाल्या, "भाऊ, एकच करजा. हे मांगं येऊ देऊ नका. पुढं गेलं तं चालते."

"जबान दिली भाभी. ही बॅग मांगं जाणार नाही."

शुक्रवारी सकाळी कळलं की शनिवारी नागपूरच्या रस्त्यावर रास्ता रोको आहे आणि एसटी मालेगावच्या पुढे जाणार नाही. दौलतराव डगमगले नाहीत. "रेल्वेनं जाऊ. वाशीमहून अकोला, अकोल्याहून नागपूर."

"अन् बॅग?"

दौलतराव थांबले. बॅग मालेगावला, गाडी वाशीमला. म्हणजे बॅग उलटी आणायची.

"मोटरसायकल काढतो अन् घेऊन येतो," ते म्हणाले.

"मांगं?" रंगूबाईंनी एवढंच विचारलं.

दौलतरावांनी मोटरसायकल पुन्हा स्टँडवर लावली आणि गुलाम नबींना फोन केला.

"कायले फिकीर करता पाटील?" तिकडून उत्तर आलं. "माह्या पोरगा अल्ताफ आज गाद्या घेऊन टेंपोनं नागपूरलेच चालला. बॅग त्याच्यासंगं जाईन. पुढं चालते ना भाभी?"

"चालते," रंगूबाई म्हणाल्या, आणि मनात सासूबाईंना नमस्कार केला.

हे रूपालीला कळवायला हवं होतं. तिची शुक्रवारी सुटी होती. दौलतरावांनी तिला मोबाइलवर आवाजी निरोप पाठवला. पण दौलतरावांचा निरोप म्हणजे कीर्तनच असायचं. आधी हवापाणी, मग सोयाबीनचा भाव, मग गावातले तंटे, मग रास्ता रोको. घरातलं कोणीच तो शेवटपर्यंत ऐकत नसे. बॅगेची गोष्ट शेवटी होती.

शनिवारी गाडी उशिरा आली, वाटेत आणखी रखडली, अकोल्याला पुढची गाडी चुकली. रंगूबाईंचा नेम असा की देवापुढे दिवा लागल्याशिवाय अन्न घ्यायचं नाही, आणि रेल्वेत दिवा लावता येत नाही. त्या नुसत्या पाण्यावर खिडकीशी बसल्या. दौलतरावांनी मात्र डब्यातल्या प्रत्येकाला हॉटेलाची माहिती दिली. ते स्वतः तिथे अजून गेलेले नाहीत हे बडनेऱ्यापर्यंत कोणाच्याच लक्षात आलं नाही.

हॉटेलाच्या दारात पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. आत कोणाच्यातरी लग्नाचे वऱ्हाडी भरले होते. काउंटरवर एक जाडजूड गृहस्थ हात आपटून ओरडत होते, की त्यांच्या व्याह्यांची खोली लिफ्टपासून लांब का दिली. आणि काउंटरच्या पलीकडे, निळा कोट घालून, केस घट्ट बांधून रूपाली उभी होती.

ती ओरडली नाही. ती त्यांच्याशी इतकी हळू बोलली की ऐकण्यासाठी त्या गृहस्थांनाच आवाज कमी करावा लागला. मग आणखी कमी. शेवटी ते स्वतःच "सॉरी बेटा" म्हणाले आणि किल्ली घेऊन गेले.

रंगूबाई दाराशीच थांबल्या. हा हळू आवाज त्यांच्या ओळखीचा होता. आयुष्यभर लोक त्यांना म्हणत आले, "जरा मोठ्यानं बोलत जा वं, ऐकू येत नाही." त्याच आवाजाने इथे हॉटेल चालत होतं. त्यांनी पदर डोळ्यांना लावला आणि लगेच खाली घेतला. इथे रडायचं नव्हतं, पाहायचं होतं.

"ते माह्यी पोरगी!" दौलतराव एका वऱ्हाड्याला म्हणाले. "ते निळ्या कोटातली."

रूपाली धावत आली, पाया पडली. "किती उशीर केला! चला, आधी खोलीत चला." काउंटरवर जाऊन तिने कॉम्प्युटरवर बोटं फिरवली. बोटं थांबली. तिने पुन्हा फिरवली.

"बाबा," ती म्हणाली, "इथं तं दाखवून राह्यलं की तुमी काल राहून गेले."

"कोण?"

"तुमी अन् आई. काल संध्याकाळी आले, आज दुपारी गेले. खोली दुसऱ्याले देऊन झाली."

"अवं, काल तं मी रिठदले म्हशी धूत होतो!"

काउंटरच्या टोकाला एक तरुण मुलगा पांढराफटक होऊन उभा होता. कोटावरच्या पट्टीवर नाव होतं ऋषिकेश. त्याच्या पायाशी, पितळी गाडीवर, लाल फडक्यातल्या नारळासकट रंगूबाईंची बॅग ठेवलेली होती. कडीला जुन्या कुंकवावर ताजं कुंकू लागलेलं दिसत होतं.

दौलतरावांचा आवाज वाढला. वऱ्हाडी वळून पाहू लागले. मॅनेजर नमरा मॅडम आतून आल्या. तिशीच्या, चष्म्याच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी सगळ्यांना बाजूच्या केबिनमध्ये घेतलं, बॅगेसह.

"ऋषिकेश, काल त्या खोलीत कोण राहिलं?"

"मॅडम... सामान."

"नीट सांग."

"तो टेंपोवाला बॅग सामानाच्या खोलीत ठेवूच देईना. म्हणाला, ही बॅग नाही, ह्या रंगूबाईच आहेत. जमिनीवर ठेवायची नाही, तोंड पूर्वेला पाहिजे. दारात पाहुण्यांना कुंकू लावतात ना, तर म्हणाला मला नको, बॅगेला लावा. मला वाटलं, गावाकडची बोलायची पद्धत असेल. बाई मागून येत असतील. रूपाली मॅडमच्या आई आहेत, त्यांना थांबवायचं कसं? खोली रिकामी होती म्हणून आजचं बुकिंग मी कालचं करून दिलं."

"आणि बाई आल्या का, ते पाहिलं नाहीस?"

"खोलीत फोन केला, मॅडम. उचलला नाही. रूपाली मॅडम नेहमी सांगतात, आई नेमधर्माची आहे, फार बोलत नाही. मला वाटलं, मौन असेल. जेवायचं विचारायला माणूस पाठवला, आतून उत्तर नाही. म्हटलं, उपास असेल. मग फळं पाठवली. सकाळी ती तशीच होती." त्याने बॅगेकडे पाहिलं. "तेव्हा वाटलं, उपास फारच कडक आहे."

रूपालीने हसू दाबायला खाली पाहिलं. नमरा मॅडम मात्र हसल्या नाहीत.

"आज एकही खोली रिकामी नाही," त्या दौलतरावांना म्हणाल्या. "काका, चूक आमची आहे. मी वर कळवते, तुम्हाला दुसरी तारीख नक्की मिळेल. पण कळवताना पाहुणा न पाहता खोली कोणी दिली तेही लिहावं लागेल. ऋषिकेशला कायम करायचं अजून बाकी आहे." म्हणजे त्याची नोकरी जायची वेळ होती.  ऋषिकेश आपल्या बुटांकडे पाहत होता.

"लिहा!" दौलतराव म्हणाले. "लिहा की दौलतराव आलाच नाही! बॅग राहिली, आमी नाही राहिलो! गावाले काय सांगू मी?"

"बाई," रंगूबाई म्हणाल्या.

पहिल्यांदा कोणाला ऐकू गेलं नाही. त्यांनी पुन्हा म्हटलं, "बाई, त्या खोलीत मीच होती."

दौलतराव गर्रकन वळले.

"काकू, तुम्ही तर आत्ता आलात," नमरा मॅडम म्हणाल्या.

"हे शरीर आता आलं. मी काल आली." रंगूबाईंनी बॅगेवर हात ठेवला. "आमच्यात परस्थान ठेवलं की माणूस निघालं. मी गुरुवारीच घरून निघाली. मालेगावले गादीवर बसली, शुक्रवारी टेंपोनं आली, रात्री तुमच्या खोलीत राहिली. पोरानं बरोबर माणसाले खोली देली. त्याची काई चूक नाही. मी खोटं बोलत नसतो बाई, माह्या नेम हाय."

"अवं रंगू!" दौलतराव म्हणाले. "तू राहिली असशीन. पण मी? माह्यं काय?"

"तुमचं धोतर होतं ना आत?"

दौलतराव बॅगेकडे पाहत राहिले. धोतर आत होतं, आणि तेही इस्त्रीचं. पुरी बॅगच ठेव असं म्हणणारेही तेच होते. ते खुर्चीवर बसले.

नमरा मॅडमनी चष्मा काढला आणि पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, "माझी नानी आम्ही प्रवासाला निघालो की दंडाला इमाम जामिन बांधायची. कापडात नाणं. ते बांधलं की म्हणायची, आता तुम्ही पोचलातच. मग गाडी कितीही रखडो, तिला काळजी नाही." त्यांनी चष्मा घातला आणि एकदम मॅनेजर झाल्या. "ठीक आहे. पाहुण्या राहून गेल्या. मग अभिप्राय घ्यावा लागेल. काकू, मुक्काम कसा झाला?"

रंगूबाईंनी बॅग नीट पाहिली. नारळाची गाठ चाचपली, चेन उघडून बरणी तपासली.

"नारळाची गाठ ढिली झाली नाही," त्या म्हणाल्या. "लोणचं सांडलं नाही. कुंकू ताजं लावलं. काहून आल्या, किती दिवस राह्यता, कोणी विचारलं नाही. पाहुण्याले अजून काय पाह्यजे?"

आता मात्र नमरा मॅडम हसल्या. ऋषिकेशने पाया पडण्यासाठी वाकायला सुरुवात केली, तर रंगूबाईंनी त्याला मध्येच धरलं. "राहू दे बावा. आधी मले एक जागा दाखव, दिवा लावाचा हाय. सकाळपासून उपाशी हाय मी. खरीखुरी."

राहायची सोय हॉटेलाच्या मागे, कर्मचाऱ्यांच्या इमारतीत झाली. ऋषिकेशने दौलतरावांना आपली खाट दिली आणि स्वतः सतरंजीवर झोपला. त्या बदल्यात दौलतरावांनी त्याच्याकडून खोलीची सगळी माहिती वदवून घेतली. पडदा कोणत्या बटणाने सरकतो, नळाला गरम पाणी कोणत्या बाजूला, उश्या किती मऊ. शेवटी शेवटी ते डोळे मिटून "मंग?" "मंग?" असं विचारत होते, जणू गोष्टच ऐकत होते.

रंगूबाई रूपालीच्या खोलीत. तिथे आणखी एक खाट होती, भागिरथाची. ती खोल्या आवरायच्या कामावर होती. बोलण्यावरून लगेच समजलं, की आपल्याच बाजूची आहे.

"काकू, तुमच्या बॅगीचं पुरं म्याच केलं," भागिरथा म्हणाली. "संध्याकाळी पलंग उघडून दिला. पाहतो तं पलंगावर बॅग. म्हटलं, बाई न्हाणीत असतीन. उशीवर चॉकलेट ठेवलं अन् आली. सकाळी पाहतो तं चॉकलेट तसंच. म्हटलं, बाईले साखर असन."

रूपाली खाटेवर लोळत हसली. रंगूबाईही हसल्या, अगदी आवाज होईल इतक्या.

रविवारी पश्चिमेला शूल, म्हणून निघणं सोमवारी. रविवारी सकाळी भागिरथा त्यांना आपल्याबरोबर वर घेऊन गेली. एक खोली पाहुण्यांनी नुकतीच सोडली होती. भागिरथाने चादर हवेत अशी झटकली की ती आपोआप पलंगावर जाऊन पसरली. मग कोपरे दुमडले, हाताने ओढले. एक सुरकुती राहिली नाही. रंगूबाईंनी पुढे होऊन चादरीवरून हात फिरवला. श्रावणात देवाचं आसन त्या असंच घालत. खिडकीतून खाली रूपाली दिसत होती. कोणाची तरी गाडी आली होती आणि ती छत्री धरून एका म्हाताऱ्या बाईंना उन्हातून आत आणत होती.

"कसं वाटलं काकू?" भागिरथाने विचारलं.

"देवघरावानी ठेवता तुमी," रंगूबाई म्हणाल्या.

भागिरथा उशीचा अभ्रा हातात घेऊन उभी राहिली. "माह्या मायले पटत नाही. वाशीमच्या अलीकडं जऊळक्याले राह्यते ते, केशरबाई. तिले वाटते, मी कोनाचे तरी भांडे घासून राह्यली अन् लाजेनं सांगत नाही. गावातल्या बायका तसंच सांगतात तिले. मी फोन केला की 'काम सोडून ये' म्हणते अन् ठेवून देते. मी सांगतो ते तिले खरं वाटत नाही. तुमी पाहून चालल्या. तुमचं तरी ऐकन ते."

रंगूबाईंना नळ आठवला, बायका आठवल्या, हंडा आठवला.

"सांगीन," त्या म्हणाल्या.

"जऊळक्याले थांबान तुमी? खरंच?"

"शब्द देला."

सोमवारी अकोल्याहून वाशीमकडे येणाऱ्या गाडीत दौलतरावांना रिसोडकडचे रामधन नावाचे ओळखीचे व्यापारी भेटले. गाडी सुरू व्हायच्या आधीच दौलतराव सुरू झाले.

"पडदा असा हातानं ओढायचा नाही रामधनभाऊ. बटन! बटन दाबलं की पडदा स्वतःच बाजूले होते. अन् उश्या! डोकं ठेवलं की डोकं दिसत नाही."

"म्हंजे तुमी झोपले तिथं?"

दौलतराव क्षणभर अडखळले. समोर रंगूबाई बसल्या होत्या, आणि त्यांचा नेम दौलतरावांना ठाऊक होता.

"माह्यं धोतर झोपलं," ते म्हणाले, "ते काय अन् मी काय! शास्त्रात एकच हाय." मग छाती पुढे काढून म्हणाले, "पण पोरगी! पोरगी मी ह्याच डोळ्यानं पाहिली. एक असा जाडा माणूस, टेबलावर हात आपटून राह्यला. तं आमची रूपाली..."

हे मात्र त्यांनी खरं खरं सांगितलं, कुठेही मजला न वाढवता. सांगताना त्यांचा आवाज आपोआप हळू झाला. रामधन पुढे वाकून ऐकू लागले, शेजारची बाई ऐकू लागली, वरच्या बर्थवरचा माणूस खाली डोकावला. रंगूबाई खिडकीबाहेर पाहत होत्या. तुरीची शेतं मागे पळत होती. गाडीचा वेग कमी झाला तशा त्या उठल्या, देवांची पिशवी खांद्याला लावली आणि दाराकडे गेल्या.

"...तं तो माणूस म्हणते, सॉरी बेटा! पोरीले सॉरी!" दौलतराव म्हणाले. "वहिनीले विचारा तुमच्या. सांग रंगू."

रंगूबाईंची जागा रिकामी होती.

गाडीने जऊळका सोडायला सुरुवात केली तेव्हा दौलतरावांचं डोकं खिडकीतून बाहेर आलं. "अवं रंगू! आपलं वाशीम यायचं हाय अजून! इथं काहून उतरली?"

"तुमी व्हा पुढं," रंगूबाई म्हणाल्या. "मी येतो."

गाडीच्या आवाजात दौलतरावांना ते ऐकू गेलं नाही. पण रंगूबाईंचा हात हलताना दिसला, आणि त्यांनीही हात हलवला.

फलाट रिकामा झाला. एक म्हातारी डोक्यावर कडब्याची पेंढी घेऊन रूळ ओलांडत होती. रंगूबाईंनी पदर नीट केला आणि तिला गाठलं.

"बाई, केशरबाईचं घर कोणीकडं?"

"कोणती केशरबाई?"

रंगूबाईंनी एकदा आजूबाजूला पाहिलं. चहाच्या टपरीवर चारदोन माणसं बसली होती, एक बाई शेंगा निवडत होती. मग आयुष्यात कधी बोलल्या नव्हत्या एवढ्या मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने त्या म्हणाल्या, "जिची पोरगी नागपूरले मोठ्या हॉटेलात हाय, ते केशरबाई."

म्हातारीने हाताने वाट दाखवली. रंगूबाई त्या वाटेने चालू लागल्या.